भाड्याच्या इमारतीतला पर्जन्यवृक्ष: तोडायचा, छाटायचा की तसाच राहू द्यायचा?

पार्लेकरीण (३ मे, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

विलेपार्ले पूर्वेला आमच्या काकांची तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे, १९६८ सालची. नऊ ब्लॉक. त्यातले तीन पागडीचे (जुन्या पद्धतीचे, नाममात्र भाड्याचे), सहा लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या करारावर). काका-काकू आता नाशकात चुलतभावाकडे असतात. मी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि भाडी गोळा करणं, एजंटशी हुज्जत, पंपाचा मेकॅनिक, गच्चीची गळती हे सगळं आपोआप माझ्या गळ्यात आलं. पगार शून्य, पण वॉचमनपासून केबलवाल्यापर्यंत सगळे "मॅडमना विचारा" म्हणतात, एवढाच काय तो मान.

तर प्रश्न झाडांचा. गेटाजवळ, पश्चिमेच्या कोपऱ्यात एक पर्जन्यवृक्ष आहे. काका म्हणतात, प्लॉट घेतला तेव्हाही तो होताच. खोड एवढं की मी एका बाजूने आणि वॉचमनची दोन पोरं दुसऱ्या बाजूने, असे हात लावले तेव्हा कुठे वेढा पूर्ण झाला. मागच्या अंगणात रायवळ आंबा, दोन नारळ आणि कंपाउंडला लागून खोट्या अशोकाची रांग. २०१६ मध्ये काकांनी पुढच्या सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक घातले, ते थेट खोडाला चिकटवून. चिखल होत नाही म्हणून तेव्हा सगळे खूश होते.

आता दुसऱ्या मजल्यावर नोव्हेंबरात नवीन भाडेकरू आलेत. पांढरी गाडी. त्यांचं म्हणणं, झाड "गळतं". गाडीच्या टपावर चिकट थर बसतो, त्यावर धूळ, त्यावर काळं काहीतरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका रविवारी चौदा फोटो टाकले आणि खाली "पार्किंगचे पैसे मी कशाचे देतो?" खोटं कशाला बोलू, गाडी खरंच बघवत नव्हती. त्यावर तळमजल्याच्या पागडीच्या आजींनी (वय ८३, महिन्याचं भाडं दोनशे तीस रुपये, आवाज मात्र लाखाचा) जाहीर केलं की झाडाला कोणी हात लावला तर मी बुंध्याशी खुर्ची टाकून बसेन.

एका झाडं छाटणाऱ्याला बोलावलं. तो वर एकदा बघून म्हणाला, "वरनं सगळं उडवून देतो, पाच वर्षं बघायला नको. अठरा हजार." परवानगीचं विचारलं तर, "मॅडम, रविवारी सकाळी सहाला येतो, नऊपर्यंत खेळ खलास. कोण बघतंय?"

मला भीती वेगळीच आहे. पाऊस महिन्यावर आलाय. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात शेजारच्या बिल्डिंगचा गुलमोहर आमच्या भिंतीवर आला होता. भिंत गेली, दोन स्कूटर गेल्या. माणूस नव्हता म्हणून वाचलो. तेव्हापासून जोराचं वारं सुटलं की मी खिडकीतून त्या पर्जन्यवृक्षाकडेच बघत बसते.

परवानगी नक्की कशाकशाला लागते? खर्च मालकाचा की सगळ्यांत वाटायचा? त्या चिकटाचं काय करायचं? आणि काका फोनवर म्हणतायत की पुढच्या चाळीस फुटी पट्ट्यात "लॉन टाक, भाडं वाढेल." टाकू का? जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

---

निवृत्त_मुकादम (४ मे, सकाळी ६.१५)

ताई, एकतीस वर्षं पालिकेच्या उद्यान खात्यात काढली, म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

पहिली गोष्ट, त्या रविवारच्या सहावाल्याला येऊ देऊ नका. महाराष्ट्रात नागरी भागासाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. झाड तुमच्या कंपाउंडात असलं तरी तोडायला पालिकेची परवानगी लागते, आणि झाडाला इजा होईल असं काही करणं हेही तोडण्यातच धरतात. फांद्या छाटायलाही वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज करायचा. ऑनलाइनही होतो. माणूस येऊन बघून जातो, किती फांद्या, कुठल्या, ते लिहून देतो. पकडलं तर छाटणारा पळतो, नाव मालकाचं लागतं. त्यात २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. ते तोडायचं झालं तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावून द्यावी लागतात. तुमचं झाड इमारतीच्या आधीचं, म्हणजे साठीच्या घरात असणार. साठ रोपं लावायला काकांकडे जागा आहे का विचारा.

लोक म्हणतात खात्याने येऊन करावं. २०१८ च्या गणनेत मुंबईत साधारण २९ लाख ७५ हजार झाडं निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारातली. खासगीतली छाटणी मालकाने स्वखर्चाने करायची असते. खातं परवानगी देतं.

आता "वरनं उडवून देतो" याबद्दल. आम्ही त्याला टक्कल म्हणायचो. शेंडा उडवला की झाड घाबरून चहूकडून फुटवे काढतं. वर्षभरात हिरवंगार दिसतं, मालक खूश. पण ते फुटवे सालीत वरवर चिकटलेले असतात, आत लाकडात गेलेले नसतात. तीन-चार वर्षांत मनगटाएवढे जाड होतात आणि पहिल्या वाऱ्याला खाली येतात. कापलेल्या जागी पाणी मुरतं, आतून कुजतं ते वेगळंच. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी कधी काढू नये. काढायच्या त्या वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, आणि इमारतीवर लांब आडव्या गेलेल्या, ज्यांचं सगळं वजन टोकाला आहे.

जाड फांदी एका घावात काढायची नाही. खोडापासून फूटभर लांब खालून थोडा काप द्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं. फांदी पडते पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. राहिलेलं खुंट तिसऱ्या कापाने काढायचं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडा असते बघा, मानेवरच्या वळीसारखी, ती ठेवायची. तिच्यातूनच जखम भरते. खोडाशी सपाट कापलं की ती गेली. खुंट लांब ठेवलं तरी ते वाळून कुजतं. डांबर फासू नका. फारच वाटलं तर बोर्डो मलम: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. लोखंडी भांड्यात करू नका.

चिकट जे पडतंय तो झाडाचा डिंक नाही. तो पिठ्या ढेकूण असणार. पांढरा, कापसासारखा, फांदीच्या बेचक्यात बसतो, रस शोषतो आणि मागून साखरेचं पाणी टाकतो. त्यावर काळी बुरशी धरते, तीच गाडीवर दिसते. याच किडीने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळवले, आमच्या डोळ्यांसमोर गेले. धडधाकट झाडाला सहसा मारत नाही. ज्याचा बुंधा आवळलाय, ज्याला पाणी-हवा नाही, त्याला धरते. तुमचे पेव्हर आठवा.

म्हणून औषधाच्या आधी पेव्हर. खोडाच्या चारी बाजूंनी निदान तीन-तीन फूट उघडा. मशीन लावू नका, पहारीने आणि हाताने. आणि उघडताना पश्चिमेची मुळं मला नक्की बघून सांगा. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या बाजूची मुळं झाडाला दोरखंडासारखी ताणून धरतात. ती तुटलेली असली तर झाड रस्त्यावर नाही पडणार, तुमच्या बिल्डिंगवर पडेल. गेल्या काही वर्षांत कंपाउंडच्या कडेने कोणी खणलंय का?

आणखी एक, मे महिना आहे. कावळे, बुलबुल घरट्यात बसलेले असतात. फांदी निवडण्याआधी खाली उभं राहून दहा मिनिटं फक्त बघा.

---

मुलुंडची_चावी (४ मे, दुपारी २.०५)

मुकादम काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला.

पार्लेकरीण ताई, मी मुलुंड पूर्वेला चार जुन्या बंगल्यांची भाडी सांभाळतो, मालक सगळे परदेशात. म्हणजे आपलं दुखणं एकच. झाडांचं काका बोललेत, मी पैशांचं आणि लॉनचं बोलतो.

लॉन टाकू नका. टाकू नका. टाकू नका. एका मालकाने व्हिडिओ कॉलवर मेक्सिकन गवत दाखवलं आणि "असं हवं" म्हणाला. आपल्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने त्याला रोज पाणी. मार्चमध्ये पालिकेची कपात लागली आणि मी टँकर मागवून गवताला पाणी घातलं. वर शेजारची बाई भांडी घासायला बादली मोजून पाणी घेतेय आणि मी खाली नळी धरून उभा. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी तुंबून अर्धं कुजलं, उरलेल्यात लव्हाळा शिरला. भाडं एका रुपयाने वाढलं नाही. भाडेकरू बघायला येतो तेव्हा पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, एवढंच विचारतो.

त्याऐवजी पट्ट्यात सावलीची, कमी पाण्याची, आपल्या मातीची झाडं लावा. पर्जन्यवृक्षाखाली हळद, सोनटक्का, नेचे मस्त येतात. हळद हिवाळ्यात वाळते ते बघून वॉचमन ती उपटून टाकतो. त्याला आधीच सांगून ठेवा, माझी दोन वर्षं तशीच गेली. मोकळ्या भागात कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, अनंत. मोठं एखादं हवं तर बकुळ किंवा तामण, पण भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून आठ-दहा फूट सोडून. गुलमोहर, सोनमोहर नकोच, दोन्ही ठिसूळ. कढीपत्त्यावर आणि लिंबावर अळ्या दिसल्या की लोक घाबरून फवारा मारतात. ती फुलपाखरांची पोरं असतात, पंधरा दिवसांत उडून जातात. रोपं आम्ही सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातून आणतो. ती जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होती, एकदा बघूनच या, म्हणजे तुमच्या अंगणाबद्दल उमेद वाटेल.

पाणी: नऊ ब्लॉक म्हणजे एसी किती? आमच्याकडे सगळ्या एसींच्या नळ्या एकत्र करून आळ्यात सोडल्यात. ऐन उन्हाळ्यात, झाडाला गरज असते तेव्हाच ते पाणी सगळ्यात जास्त येतं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र झाडांना नको, क्षार असतात, त्याने जिने पुसा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. डेंग्यूचा डास त्याच चमचाभर स्वच्छ पाण्यात होतो. पालिकेची माणसं तपासायला आली की पहिलं तिथेच वाकतात.

पाला जाळू देऊ नका, वॉचमन लोकांना ती सवय असते. कोंबडीच्या जाळीचा तीन फूट रुंद, चार फूट उंच पिंजरा करून कोपऱ्यात ठेवा, पाला टाकत जा, मधूनमधून शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. तीन-चार महिन्यांत खत. वास येत नाही, ओलं खरकटं टाकलं तरच येतो. कोणीतरी टाकतंच. आमच्याकडे कोळंबीची सालं टाकणारा अजून सापडलेला नाही.

खर्च: पागडीवाल्यांकडून छाटणीचे पैसे मागायला जाऊ नका, अठरा हजारांपेक्षा जास्त बीपीच्या गोळ्यांना लागतील. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मात्र पुढच्या वेळी एक कलम घाला. झाडं मालकाची, देखभाल आणि परवानग्या मालकाकडे, भाडेकरूने खिळे, तारा, दिव्यांच्या माळा लावायच्या नाहीत, बुंध्यात सिमेंट किंवा साबणाचं पाणी ओतायचं नाही, फांदी परस्पर तोडायची नाही. करार रजिस्टर होतोच, त्यात चार ओळी वाढल्या तर जास्त पैसे पडत नाहीत. डिपॉझिट हातात असताना लोक कलमं फार मन लावून वाचतात.

---

भाडेकरू_नंबर_सात (४ मे, रात्री ११.३०)

सगळे मालकाच्या बाजूचे दिसताय, म्हणून लिहितो.

मी दादरला भाड्याने राहतो, हॉल पश्चिमेला. खिडकीसमोर मोठं झाड होतं. दोन वर्षांपूर्वी मालकाने एका शनिवारी, कोणाला न सांगता, नुसता बुंधा ठेवून सगळं उतरवलं. घरी आलो तर खोली अनोळखी. तेव्हापासून दुपारी तीन ते सहा ऊन थेट सोफ्यावर येतं. एसी आधी रात्रीपुरता लावायचो, आता चारला लागतो. बिल मी भरतो. मालक भरत नाही.

तुमचं झाड पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे म्हणताय. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा हॉल कुठल्या बाजूला आहे, ते एकदा बघा आणि त्यांनाच दाखवा.

पण त्यांना वेड्यात काढू नका. पार्किंगचे पैसे घेता तर जागा बदलून द्या. गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्याचं काही मिळत नाही, पूर्ण विमा असेल तर मिळतं, हेही सांगून टाका. आणि ग्रुपवर काय चाललंय ते आधी कळवा. आम्हाला कोणी विचारत नाही, हीच अर्धी तक्रार असते.

---

पार्लेकरीण (५ मे, सकाळी ९.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर सात, तुमचं लागलं. खरंच विचारलं नव्हतं मी कोणाला. आणि हो, त्यांचा हॉल पश्चिमेलाच आहे.

मुकादम काका, कंपाउंडच्या कडेने चार वर्षांपूर्वी गॅसच्या पाइपासाठी खणलं होतं. पश्चिमेलाच. तेव्हा काही सुचलं नाही. आता पोटात गोळा आलाय.

---

निवृत्त_मुकादम (५ मे, सकाळी ९.५०)

घाबरू नका, पण पेव्हर लवकर काढा. काढताना हे बघा: जमीन एका बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली आहे का. बुंध्याशी बुरशीची, लाकडासारखी टणक, अर्धगोल छत्री आलीय का, ती मुळं कुजल्याची खूण. खोडावर मनी प्लांट चढवला असेल तर उतरवा, त्याच्या पानांमागे ढोली लपते. लाकडी हातोडीने खोड वाजवत फिरा, भरीव आणि पोकळ आवाज तुम्हालाही कळेल. नारळ पारखतो तसंच.

---

पार्लेकरीण (२१ जून, दुपारी ४.१०)

मंडळी, दीड महिन्याने येतेय, रागावू नका. काय काय झालं ते सांगते.

पेव्हर आम्ही ७ मे ला काढले, वॉचमन, त्याचा मेव्हणा आणि मी. खाली रेतीचा थर, त्याखाली माती विटेसारखी घट्ट. पहार आपटली की खणखण आवाज. पश्चिमेला दोन हातांवर माझ्या मांडीएवढं मूळ निघालं. एकदम सरळ कापलेलं, जसं सुरीने मुळा कापावा. तोंड काळं पडून भुसभुशीत झालेलं, बोटाने दाबलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. शेजारी आणखी एक, मनगटाएवढं, तेही तसंच. पण त्या कापलेल्या तोंडाच्या थोडं मागून, चांगल्या भागातून, नवीन बारीक मुळं फुटून खाली गेलेली. आजी खुर्ची घेऊन आल्याच होत्या. त्यांनी चष्मा लावून ते बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यासारखं झालंय बघ. मोडलंय, पण चालतंय."

फोटो घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले, अर्जाला जोडले. पाहणीला आलेल्या माणसाने मुळांचे फोटो बघितल्यावर सूरच बदलला, नाहीतर आधी तो घाईत होता. बुंधा वाजवला, भरीव निघाला. छत्री नाही, भेग नाही. झाड तोडायची गरज नाही, पण इमारतीकडे झुकलेलं वजन कमी करा म्हणाला. सहा फांद्या लिहून दिल्या. त्यातल्या एकीवर कावळ्याचं घरटं होतं, ते मी आधीच बघून ठेवलं होतं (काका, तुमची दहा मिनिटं). ती फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायची ठरलं. पिल्लू कावळ्याचं की कोकिळेचं यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा. पांढऱ्या गाडीवाल्यांनी दुर्बीण काढली. कोकिळेचं निघालं.

परवानगी हातात यायला एकोणीस दिवस लागले. छाटणारा दुसरा शोधला, दोर बांधून फांदी हळू उतरवणारा. बावीस हजार घेतले, म्हणजे त्या रविवारवाल्यापेक्षा चार जास्त. काका फोनवर दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "भिंत बांधायला किती गेले होते गं तौक्तेच्या वेळी?" आणि पैसे पाठवले. तीन कापांचं मी त्या छाटणाऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही खाली उभ्या राहा, मी वर तेच करतोय." बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

पिठ्या ढेकूण होताच, बेचक्यात कापूस ठासल्यासारखा. कापलेल्या फांद्या अंगणात न ठेवता त्याच दिवशी उचलायला लावल्या. मुंग्या त्या किडीला वर नेतात असं छाटणाऱ्याने सांगितलं, म्हणून खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलंय, सालीवर नाही. खालच्या फांद्यांवर पाण्याचा जोराचा फवारा आणि नंतर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून. वरपर्यंत हात पोचत नाही. तिथलं आता पाऊस धुईल तेवढं खरं. चिकट पूर्ण थांबलेलं नाही, पण कमी झालंय. गाडीची जागा मी मागे आंब्याखाली बदलून दिली होती. दोन आंबे टपावर पडल्यावर ते स्वतःच "पुढेच बरं होतं" म्हणत परत आले.

हो, आंब्याच्या खोडात अकरा खिळे निघाले. गेल्या दिवाळीतल्या माळांचे काही, काही त्याहून जुने, सालीने अर्धे गिळलेले. जे सहज निघाले ते काढले, आत गेलेले खणत बसले नाही. पुण्यात "आंघोळीची गोळी" ही संस्था खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवते, त्यांच्याबद्दल वाचलं होतं, तेव्हा वाटायचं आपल्याकडे कुठे असतात खिळे!

लॉन नाही केलं. काकांना नंबर सातचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग चावीदादांचा टँकरचा किस्सा. टँकरवर ते हसले. पट्ट्यात सोनटक्का, हळद आणि दोन कढीपत्ते लावलेत. कढीपत्त्याला चौथ्या दिवशी आजींनी निम्मं बोडकं केलं. आमटीत टाकला म्हणाल्या. आता त्यांच्यासाठी तिसरा लावलाय, पाटी लावून. एसीच्या नळ्या सातांपैकी चारच जोडल्या गेल्या, उरलेल्या तिघांना "नंतर बघू" आहे. पाल्याचा पिंजरा झालाय. कोळंबी अजून आली नाही, पण परवा त्यात एक जुनी उशी सापडली.

गेल्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, रात्रभर वारा. सकाळी गेटाजवळ फक्त करंगळीएवढ्या काटक्या पडल्या होत्या. मुकादम काका, कापलेल्या मुळाच्या बाजूला आळ्यात माती भरू का, की पावसाळाभर उघडंच ठेवू? पाणी तिथे तासभर साचतं, मग मुरतं.

आणि एकशे साठ-सत्तर पेव्हर ब्लॉक निघालेत, बहुतेक धड आहेत. कोणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा, टेम्पो तुमचा. आजींच्या दारासमोर रचलेत, तेव्हा कृपया लवकर या.

---

निवृत्त_मुकादम (२१ जून, सायंकाळी ७.३०)

मातीने गच्च भरू नका. वाळलेला पाला आणि पिंजऱ्यातलं अर्धवट खत मिसळून तीन-चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर सोडून. तासात मुरतंय ना, मग काळजी नाही. दिवसभर साचलं तर सांगा.

ऑक्टोबरात ते मूळ परत उघडून फोटो टाका. आणि पेव्हर मला पन्नास हवेत, नातवाच्या सायकलसाठी वाट करायचीय. रविवारी येतो. सहाला नाही, दहाला.